थर्स्टनच्या नवसाचा धागा

एल्डरफोर्डच्या मठात एडिवाइतक्या शिक्षा दुसऱ्या कुणी भोगल्या नसतील. जेवणघरात बाकीच्या जोगिणी बाकांवर बसत आणि ही बहुतेक वेळा खाली फरशीवर, समोर कोरडी जवाची भाकरी घेऊन. कधी आईला उलटून बोलली म्हणून, कधी प्रार्थना चालू असताना मधमाश्यांशी गप्पा मारताना सापडली म्हणून. आई म्हणजे मठाची प्रमुख, अव्हेलिना. एडिवाला त्या खाली बसण्याचं काही वाटत नसे. भाकरी वर बसून खाल्ली काय नि खाली बसून खाल्ली काय, पोटाला थोडंच कळतंय, असं ती म्हणे, आणि ते म्हटल्याबद्दल आणखी एक दिवस खाली बसे.

ती काही लहानपणी देवाला वाहिलेली नव्हती. चाकं बनवणाऱ्या सुताराची ती विधवा. नवरा गेल्यावर दिरांनी घर गिळलं, तशी ही बाई मधमाश्यांच्या दोन टोपल्या दोन हातांत घेऊन मठाच्या दारात येऊन उभी राहिली. मठाला मेणाची गरज होती, तेव्हा माश्यांबरोबर तिलाही आत घेतलं. गळा असा की पहिल्याच दिवशी गाणं शिकवणाऱ्या जोगिणीने हात जोडले, “बाई, तू नुसते ओठ हलव.” मग तिला मेणबत्त्यांच्या खोलीत धाडलं. त्या खोलीत ती रमली, आणि खरं सांगायचं तर मठाच्या उजेडाचं सगळं काम तिच्याच जिवावर चाललं होतं.

त्या खोलीच्या भिंतीवर लाकडी खुंट्यांची रांग होती आणि खुंट्यांवर धागे लटकत. कुणी आजारी पडलं की घरचं माणूस धाग्याचं भेंडोळं घेऊन त्याच्या उशाशी बसायचं, टाळूपासून टाचेपर्यंत त्याला मोजायचं, दोन्ही टोकांना गाठ मारायची आणि संत मार्गारेटला नवस बोलायचा: हा उठू दे, याच्या उंचीची मेणबत्ती लावीन. तो धागाच तिची वात. माणसाएवढी मेणबत्ती उभी राहत नाही, म्हणून ती गुंडाळी करून वेदीपुढे ठेवायची. मेण नवस बोलणाऱ्याने आणायचं. ते येईपर्यंत धागा एडिवाच्या खुंटीवर.

एका खुंटीवर थर्स्टनचा धागा होता. थर्स्टन म्हणजे टेकडीवरच्या गढीचा कारभारी. उपासाच्या दिवसांत तो तापाने फणफणला होता, तेव्हा त्याची बायको माबिल रडत धावत धागा घेऊन आली होती. ईस्टरला गडी टुणटुणीत झाला आणि मेणाचं नाव नाही. निळा झगा पांघरून तो घोड्यावरून मठासमोरून गेला की एडिवा कुंपणावरून हाक मारायची, “कारभारी, संतबाई वाट बघतायत हो.” तो घोड्याला टाच मारायचा. पाच गावांतून दाणागोटा उपटणाऱ्या माणसाला मधाच्या चार पोळ्यांचं मेण जड होत होतं.

दिवस वाईट होते. इंग्लंडचा राजा आणि त्याची मामेबहीण गादीसाठी भांडत होते, आणि ज्याच्या हाती चार भाले आले तो टेकडीवर लाकडी गढी ठोकून सरदार होत होता. एल्डरफोर्डचा सरदार रेनॉल्ड आपण राजाचे म्हणून सांगे. उन्हाळ्यात तो राजाचा असे, हिवाळ्यात कुणाचा ते थंडी किती पडते त्यावर. लोक धान्य कबरस्तानात पुरून ठेवत, कारण तिथे तरी कुणी उकरत नसे.

सुगी संपली आणि नदीला थोडं पाणी चढलं, तेव्हा मठाच्या नावेच्या उताराशी, वेताच्या बेटात एक प्रेत अडकलेलं सापडलं. तोंड माशांनी ठेवलं नव्हतं. अंगावर मात्र निळा झगा, खांद्यावर झगा अडकवायचा गढीचा पितळी आकडा. एवढ्यावर गावाने ओळखलं, थर्स्टन मेला. आणि गावाला आनंद व्हायच्या आत गढीवरून माणसं आली आणि म्हणाली, नावाडी वुलमारने मारला.

वुलमार मठाचा नावाडी. नदीच्या या काठाचं त्या काठाला नेणं आणि मध्ये वाम मासे पकडणं, एवढंच त्याचं आयुष्य. आठवड्यापूर्वी थर्स्टनने त्याच्या टोपलीतले सगळे वाम उचलून नेले होते, तेव्हा हा बीअरच्या दुकानात भर लोकांत बोलून गेला होता, “एक दिवस बुडवतो की नाही बघा त्याला.” हे तर अर्धं गाव रोज म्हणायचं. पण वुलमारकडे नाव होती आणि नदी होती. गढीचे लोक येताना दिसले तसा तो पळत मठाच्या चर्चमध्ये शिरला आणि वेदीचा कोपरा दोन्ही हातांनी धरून बसला. वेदी धरलेल्या माणसाला ओढून न्यायची हिंमत रेनॉल्डलाही नव्हती.

त्याने दुसरी तोड काढली. मारणारा जवळ आला की प्रेताला रक्त सुटतं, हे तर सगळ्यांनाच ठाऊक. तेव्हा प्रेत चर्चच्या ओसरीत ठेवायचं, न धुता, झग्यात तसंच गुंडाळून, दोन भालेकरी पहाऱ्यावर. रविवारी पाची गावांसमोर वुलमारने आपल्या पायांनी बाहेर येऊन त्याला हात लावायचा. रक्त आलं तर फास. वुलमार बाहेर आलाच नाही तर तो गुन्हेगारच, आणि मग नावाड्यांची वस्ती पेटेल.

एडिवा त्याला वाटाण्याची पेज घेऊन गेली. तो वेदीला टेकून बसला होता, आणि त्याचा चेहरा पाहून ती चकित झाली. गडी खुशीत होता.

“रविवारी सुटतो बघ, ताई,” तो म्हणाला. “मी मारलंच नाही, तर रक्त येईल कुठून?”

“वुलमार, तू हात लावायचा नाहीस.”

“का? हात लावीन, दोन्ही हात लावीन. पाप असेल तर घाबरायचं.”

“अरे, नदीत कुजलेलं प्रेत आहे ते. मी किती प्रेतं धुतलीत आजवर. नुसतं कुशीवर वळवलं तरी नाकातोंडातून काहीतरी गळतंच. तू हात लाव नाहीतर पोपने लावू दे.”

तो तिच्याकडे असा बघत राहिला, जणू तिने येशूबद्दल काही वाईटसाईट सांगितलं. “असं बोलू नये, ताई,” तो हळूच म्हणाला. “देव बघतो ना.”

तिला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि रडावंसंही वाटलं. देवावर एवढा विश्वास टाकणाऱ्या माणसाला देवाच्याच दारात फासावर चढवणार होते, आणि तो स्वतःच्या पायांनी चालत जाणार होता. पेजेचं भांडं ठेवून ती तडक अव्हेलिनाकडे गेली.

अव्हेलिना सरदाराची मावसबहीण. नॉर्मन घरातली, ताठ बसणारी, आवाज कधी न चढवणारी. तिने सगळं ऐकून घेतलं.

“मग काय म्हणणं आहे तुझं? कुणी मारलं?”

“ते मला ठाऊक नाही, आई. पण एक गोष्ट घशाखाली उतरत नाही. तापाला धावत आलेली माबिल मरणाला आली नाही. नवरा ओसरीत पडलाय आणि बाई मेणबत्ती सांगायलासुद्धा फिरकली नाही. मी तिच्या घरी जाऊन येते.”

“फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही. रस्त्यावर कोण कुणाचा माणूस आहे ते आज कुणाला सांगता येत नाही. आणि एक नावाडी वाचवायला मी सतरा बायका जाळून घेणार नाही.” मग ती म्हणाली, “हे मला आवडतंय असं समजू नकोस.”

“बरं,” एडिवा म्हणाली, आणि मधमाश्यांच्या टोपल्यांमागच्या कुंपणातल्या भोकातून दुपारीच बाहेर पडली. आज्ञा मोडताना ती कधी लपूनछपून वागायची नाही. डोक्यावरचं फडकं नीट बांधलं आणि भर रस्त्याने गेली.

माबिलचं घर गढीच्या पायथ्याशी. ती पीठ मळत होती. डोळे सुजलेले होते, ते खरंच. रडली होती बाई. पण दारात एडिवाला पाहून तिने पहिल्यांदा रस्त्याकडे नजर टाकली.

“मेणबत्तीचं विचारायला आले,” एडिवा म्हणाली. “त्याच्यासाठी लावायची ना?”

“मेण नाही घरात.”

“ते तर मागच्या नवसाचंही नाही. धागा अजून खुंटीवर आहे.”

माबिल पीठ मळत राहिली. एडिवा दाराच्या चौकटीला टेकली. आपण काय विचारायला आलो ते तिचं तिलाच नीट कळत नव्हतं, म्हणून ती तोंडाला येईल ते बोलली.

“आता तो गेलाच, तर नवसही संपला म्हणायचा. खुंटी तरी मोकळी होईल. आज गेल्यावर चुलीत टाकते तो धागा.”

“नको ग ताई.” माबिल एकदम पुढे आली, पिठाचे हात तसेच. “तसं करू नकोस. नवसाचा धागा मेणाशिवाय जळला तर ताप उलटतो. माझ्या मावशीच्या घरी झालंय. राहू दे तो तिथेच, मी आणते मेण, शपथ आणते.”

एडिवाने तिच्याकडे पाहिलं. “मेलेल्या माणसाला कसला ताप उलटणार, माबिल?”

माबिलचे हात तसेच हवेत राहिले. मग ती मागे सरकून बाकावर बसली. चुलीवर काहीतरी उतू जाऊन फसफसलं, तिकडे दोघींपैकी कुणी पाहिलं नाही.

“तू जा,” माबिल म्हणाली. “मी काही बोलले नाही. तू काही ऐकलं नाहीस. मला मारतील ग ते.”

“आणि वुलमारला? आणि ओसरीत जो पडलाय, त्याला तर मारलंयच.”

“जा, ताई.”

एडिवा परत आली. कुणासमोर काही सिद्ध करता येईल असं तिच्या हाती काही नव्हतं. माबिल तोंड उघडणार नव्हती. प्रेताजवळ भालेकरी कुणाला फिरकू देत नव्हते. उरला धागा. तो खुंटीवरून काढून तिने हातात धरला आणि थर्स्टनला डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपण या माणसाला कधी उभा असलेला पाहिलेलाच नाही. कुणीच पाहिलेला नव्हता. कारभारी कायम घोड्यावर. तो उंच की बुटका, हे पाच गावांत फक्त त्याच्या बायकोला आणि या धाग्याला ठाऊक होतं. आणि प्रेत केवढं आहे ते झग्याच्या गुंडाळीतून काही कळत नव्हतं. दोघं सारख्याच उंचीचे निघाले तर वुलमार गेला आणि आपणही गेलो, हे तिला स्पष्ट दिसत होतं. ती चांगलीच घाबरली होती.

फाटकाशी अव्हेलिना उभी होती. बाहेर गेल्याबद्दल ती एक शब्दही बोलली नाही. ते हिशोबात धरलं गेलं होतं, हे मागाहून कळलं. एडिवाने तिला सगळं सांगितलं आणि म्हणाली, “रविवारी मला ओसरीत जायचंय.”

“मठाची हद्द ओलांडायची तुला बंदी आहे,” अव्हेलिना म्हणाली. बराच वेळ ती हातातल्या किल्ल्या चाळवत राहिली. “ओसरी हद्दीच्या आत येते की बाहेर, हे मात्र मी अजून ठरवलेलं नाही. सोमवारी ठरवीन.”

रविवारी मिस्सा, म्हणजे सकाळची सामूहिक प्रार्थना, संपली तेव्हा चर्चपुढच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. रेनॉल्ड घोड्यावर होता, बाजूला गढीचा पाद्री, मागे भालेकरी. काळ्या पदरात तोंड लपवून माबिल पुढे उभी केलेली. वुलमार वेदी सोडून दारापर्यंत आला होता, आणि बाह्या वर सारून तयार होता. एडिवा त्याला कोपराने मागे ढकलून बाहेर आली. एका हातात पेटलेली मेणबत्ती, गळ्यात धागा.

भालेकऱ्याने भाला आडवा धरला.

“मोजू दे की बाबा,” ती म्हणाली. “मेणबत्ती लावायची आहे त्याच्या आत्म्यासाठी. का गढीची माणसं उजेडाशिवायच पुरतात?”

लोकांत कुणीतरी हसलं. रेनॉल्डने हात हलवला. एवढ्या गर्दीसमोर मेलेल्या कारभाऱ्याला मेणबत्ती नाकारणं त्यालाही बरं दिसलं नसतं. एडिवा खाली बसली. झग्याची गुंडाळी तिने पायांकडून उलगडली आणि वरून बाजूला केली. वास असा आला की पुढची रांग दोन पावलं मागे हटली. ती हटली नाही. तिने नाकाऐवजी तोंडाने श्वास घेतला आणि आपल्या त्या आवाजात, मैदानाच्या टोकापर्यंत जाईल असं म्हणाली, “हा धागा उपासाच्या दिवसांत थर्स्टन कारभाऱ्याच्या अंगावरून मोजलेला आहे. नवसाचा. मेण न दिलेला.”

खालची गाठ तिने प्रेताच्या टाचेला टेकवली, बोटाने दाबून धरली आणि धागा वर ओढत नेला. गुडघा, कंबर, छाती. वरची गाठ हनुवटीपाशी आली आणि धागा संपला. पुढे अख्खं डोकं उरलं.

क्षणभर कुणाला काय पाहिलं तेच उमगलं नाही. मग बीअरच्या दुकानवाल्याने विचारलं, “मेल्यावर माणूस वाढतो काय हो?”

“चांगलं खाऊन मेला असेल,” मागून कुणीतरी म्हणालं. “आमचंच खाल्लं होतं.”

या वेळी हसणारे जास्त होते. रेनॉल्डचा चेहरा लाल झाला. “धागा आखडतो,” तो म्हणाला. “खुंटीवर धूर खाऊन आखडतो. आणि हा धागा थर्स्टनचा कशावरून? या म्हातारीने काल वळला असेल.”

“बरोबर आहे,” एडिवा म्हणाली. ती उठून उभी राहिली आणि तिने धाग्याचं टोक मेणबत्तीजवळ नेलं. “त्याचा नसेल तर कुणाचाच नाही. नुसतं दोरीचं भेंडोळं. जाळून टाकते.”

ती माबिलकडे बघत नव्हती. बघायचा धीर झाला नाही. ज्योतीपासून बोटभर अंतरावर तिचा हात थांबला होता. माबिल गप्प राहिली असती तर सगळं तिथेच संपलं असतं. एडिवाने हात आणखी थोडा पुढे नेला. टोकाचे तंतू काळे पडले.

“नको,” माबिल म्हणाली. पदर सुटला होता. “नको जाळूस. त्याचाच आहे. मी मोजलाय, माझी गाठ आहे ती. त्याला ताप उलटेल, परमुलखात आहे तो, कुणी पाणी द्यायलासुद्धा नाही.”

मैदानात कुणी हसलं नाही. परमुलखात म्हणजे कुठे, ते विचारायची कुणाला गरज वाटली नाही. राजाचा म्हणवणाऱ्या सरदाराचा कारभारी राजाच्या त्या मामेबहिणीकडे निरोप घेऊन गेला होता, आणि राजाच्या माणसांनी त्याच्याबद्दल विचारू नये म्हणून तो मेलेला हवा होता. मेलेला हवा तर प्रेत हवं. आणि प्रेत हवं, तर कुणाच्या तरी गळ्यात त्याचा खून हवा.

वुलमार दारातच उभा होता. “मग मी आता हात लावू की नको?” त्याने विचारलं.

“आत जा,” अव्हेलिना त्याला म्हणाली. ती त्याच्या शेजारी कधी येऊन उभी राहिली ते कुणाला दिसलं नव्हतं. मग तिने मावसभावाकडे पाहिलं. “थर्स्टन जिवंत आहे, रेनॉल्ड. जिवंत माणसाच्या खुनासाठी फाशी देता येत नाही. की राजाकडे विचारायला पाठवू?”

रेनॉल्डने लगाम ओढला. “असेल कुणी भिकारी,” तो म्हणाला. “पुरून टाका.”

“भिकारी असेल तर त्याला कारभाऱ्याचा झगा कुणी घातला?” एडिवाने विचारलं. “सरदार, हा कोण आहे? कुठून धरलात याला?”

तो उत्तर न देता निघून गेला. ती घोड्यामागे चार पावलं गेली आणि तोच प्रश्न परत विचारला, मोठ्याने. भालेकरी मान खाली घालून चालत होते.

याची किंमत मठाने मोजली. आठवड्याच्या आत गवताच्या गंज्या पेटल्या, आणि एका सकाळी मधमाश्यांच्या सगळ्या टोपल्या नदीत फेकलेल्या सापडल्या. नवरा गेला तेव्हा एडिवा चारचौघांत रडली नव्हती. त्या सकाळी काठावर बसून ती मोठ्याने रडली. कुंपणाबाहेर गेल्याची शिक्षाही अव्हेलिनाने सुनावली, नाताळपर्यंत जेवण खाली फरशीवर. पण रोज भाकरीखाली चीजचा एक तुकडा निघे. तो कोण ठेवतं, हे एडिवाने कधी विचारलं नाही.

वसंतात रेनॉल्डने उघड उघड पक्ष बदलला आणि माबिल नवऱ्याकडे निघून गेली. जाण्याआधी ती मठात आली, मेणाची ढेप पाठीवर घेऊन. नवसाला लागेल त्याहून ते बरंच जास्त होतं. “उरलेलं त्याला,” ती कबरस्तानाकडे न बघता म्हणाली. थर्स्टनची मेणबत्ती त्याच दिवशी लागली, एडिवाने स्वतः लावली. तो माणूस तिला आवडत नसे, पण नवस तो नवस.

उरलेलं मेण तिने तसंच ठेवलं. पुरण्याआधी तिने त्या अनोळखी माणसाला टाळूपासून टाचेपर्यंत नव्या धाग्याने मोजलं होतं, आणि तो धागा त्याच खुंटीवर टांगला होता. बाकीच्या जोगिणी म्हणत, लाव एकदाची आणि मोकळी हो. “नाव कळू दे,” ती म्हणे. “नाव कळल्याशिवाय मी याला मेणात घालायची नाही.” रेनॉल्डने दोनदा निरोप पाठवला, ओसरीतल्या त्या गोष्टी आता पुरेत म्हणून. ती नदीवर आल्यागेल्याला विचारत राहिली. वुलमारही प्रत्येक उतारूला विचारायचा, उंच माणूस हरवलाय का कुणाचा?

उन्हाळ्याच्या शेवटी त्याने एका बाईला पलीकडून आणलं. तिचं नाव गुन्निल्ड. नवरा भांडी सांधत गावोगाव फिरायचा. मागच्या सुगीत या बाजूला आला तो परतला नव्हता. ती नदीकाठाने गावागावांत विचारत आली होती. वुलमारने तिला सरळ मेणबत्त्यांच्या खोलीत आणून उभं केलं आणि तो बाहेर थांबला.

एडिवाने धागा खुंटीवरून काढून तिच्या हातात दिला. गुन्निल्डने खालची गाठ पायाखाली दाबली आणि धागा ताणून अंगाशी धरला. वरची गाठ तिच्या डोक्याच्या बरीच वर गेली. तिने आपल्या टाळूपाशी धाग्यावर बोट ठेवलं, आणि बोटापासून गाठीपर्यंतचा तुकडा दुसऱ्या हाताच्या वितीने मोजला.

“इथे त्याचा खांदा,” ती म्हणाली. “मी बरोबर इथपर्यंत यायची.” मग ती धागा तसाच अंगाशी धरून उभी राहिली. एडिवाने तिला घाई केली नाही.

“नाव काय त्याचं?” शेवटी तिने विचारलं.

“टोवी.”

मेणबत्ती दोघींनी मिळून केली. सर्व मृतांच्या दिवशी ती गुंडाळी वेदीपुढे पेटवली. त्या दिवशी चर्चमध्ये मेलेल्यांची नावं घेतात, म्हणून पाच गावं आली होती, गढीही आली होती. रेनॉल्ड सगळ्यांत पुढे उभा होता. पाद्रीने नावं वाचली. मठाची, गावाची, गढीची. तो थांबला, तेव्हा जोगिणींच्या रांगेतून एक आवाज उठला. नुसते ओठ हलवायची आज्ञा होती त्या आवाजाला.

“टोवी,” एडिवा म्हणाली. “भांडी सांधणारा. गुन्निल्डचा नवरा. गढीच्या कारभाऱ्याच्या झग्यात मठाच्या उताराशी सापडला.”

रेनॉल्डने मागे वळून पाहिलं. पाद्रीने अव्हेलिनाकडे पाहिलं. एडिवाला गप्प बसवणं हे अव्हेलिनाचं काम होतं, आणि सगळं चर्च त्याची वाट पाहत होतं.

“आमेन,” अव्हेलिना म्हणाली. मग सतरा जोगिणी म्हणाल्या, मग दारातून वुलमार म्हणाला, आणि मग मैदानापर्यंत उभे असलेले सगळे.

दुपारी जेवणघरात एडिवा सवयीने फरशीवर जाऊन बसली.

“वर बस,” अव्हेलिना म्हणाली. “आज तुला कुणी शिक्षा केलेली नाही.”

“राहू दे, आई,” एडिवा भाकरी मोडत म्हणाली. “संध्याकाळच्या प्रार्थनेला मी टोवीचं ते परत म्हणणार आहे.”